चेंडूची वाटणी : बालफुटबॉलच्या नियमांची घडण

फुटबॉलच्या गोलचौकटीची रुंदी ७.३२ मीटर, म्हणजे आठ यार्ड असते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली आपल्या पहिल्या नियमावलीत ती ठरवली आणि आजतागायत ती बदललेली नाही. संघात किती खेळाडू असावेत, सामना किती वेळ चालावा, याचा त्या नियमावलीत उल्लेख नव्हता. आडवी दांडीही नव्हती. चौकटीची २.४४ मीटर उंची, अकरा खेळाडू, नव्वद मिनिटे आणि ऑफसाइडचे आजचे रूप हे सर्व पुढे क्रमाक्रमाने आले. हे नियम प्रौढांनी प्रौढांसाठी केले होते. लहान मुलांचा विचार त्यांत कोठेही नव्हता आणि तो असण्याचे तेव्हा कारणही नव्हते.

सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणतः ११५ सेंटिमीटर आणि वजन २० किलोच्या आसपास असते. मोठ्यांच्या चौकटीत त्याला उभे केले, तर आडवी दांडी त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर येते. हेच प्रमाण पावणेसहा फूट उंचीच्या गोलरक्षकाला लावायचे, तर त्याला सुमारे पावणेचार मीटर उंच आणि अकरा मीटर रुंद चौकट राखावी लागेल. चेंडूचेही तसेच. प्रौढांच्या पाच नंबरच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. त्या मुलाला तो जितका जड जातो, तितका जड वाटण्यासाठी ७० किलोच्या खेळाडूला दीड किलोचा चेंडू द्यावा लागेल. तरीही विसाव्या शतकाच्या मोठ्या काळात जगभरच्या शाळांतून आणि क्लबांतून आठ-दहा वर्षांची मुले मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या चौकटीसमोर, अकरा-अकराच्या संघांत खेळवली गेली. गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उंच मारला की गोल, हे तेथील सर्वांत यशस्वी तंत्र होते.

या विसंगतीवर उपाय म्हणून गेल्या साठ वर्षांत अनेक देशांनी मुलांसाठी सानुकूलित नियमावल्या तयार केल्या. त्यांना आपण सोयीसाठी ‘बालफुटबॉल’ म्हणू. बालफुटबॉल म्हणजे मोठ्यांच्या खेळाची लहान प्रतिकृती, अशी समजूत सार्वत्रिक आहे. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते. मोठ्यांच्या खेळात नियमाचे मुख्य काम निवाड्याचे असते: गोल झाला की नाही, चूक कोणाची, जिंकले कोण. बालफुटबॉलमध्ये नियमाचे मुख्य काम वाटपाचे असते. चेंडू किती मुलांच्या पायाला, किती वेळा लागेल, याची तजवीज नियम करतो. हे सूत्र हाती धरले की वरवर विक्षिप्त भासणारी अनेक कलमे आपोआप उलगडतात.

वाटपाचे गणित सोपे आहे. चाळीस मिनिटे चेंडू खेळात राहिला आणि मैदानावर बावीस मुले असली, तर समान वाटणीने प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. चार-चारच्या संघांत आठच मुले असतात. तेथे हा वाटा पाच मिनिटांचा होतो. तीन-तीनच्या खेळात तो पावणेसात मिनिटांच्या जवळ जातो. प्रत्यक्षात वाटणी समान कधीच होत नाही. बावीस मुलांत धिटुकली चार-पाच मुले चेंडूचा बहुतेक वेळ आपल्याकडे ठेवतात आणि बाकीची कडेला उभी राहून गवत उपटतात. संघ लहान झाला की लपायला जागा उरत नाही; भिडस्त मुलाकडेही चेंडू येतोच.

या गणिताची पडताळणी मँचेस्टर युनायटेड क्लबच्या अकादमीत झाली. या शतकाच्या प्रारंभी क्लबने नऊ वर्षांखालील मुलांसाठी चार-चारचे सामने प्रयोगादाखल सुरू केले आणि मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे रिक फेनोग्लिओ यांनी त्यांची आठ-आठच्या सामन्यांशी तुलना केली. चार-चारच्या खेळात पास १३५ टक्क्यांनी, गोलचे प्रयत्न २६० टक्क्यांनी, प्रतिस्पर्ध्याशी एकास-एक झुंज २२५ टक्क्यांनी, चेंडू पायाशी खेळवत हुलकावणी देण्याचे प्रसंग २८० टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष गोल ५०० टक्क्यांनी अधिक आढळले. ही मुले निवडक, अकादमीतली होती हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी आकड्यांची दिशा इतकी स्पष्ट होती, की पुढे अनेक देशांतील फुटबॉल संघटकांनी ते आपापल्या सभांतून पुन्हा पुन्हा मांडले.

बालफुटबॉलचा उगम मात्र अकादमीत झाला नाही. त्याची एक मुख्य शाखा अमेरिकेतील पालकांच्या स्वयंसेवेतून फुटली. १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन ही संस्था अवघ्या नऊ संघांनिशी सुरू झाली. ‘प्रत्येकजण खेळेल’ हे तिचे पहिले तत्त्व. नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ मैदानावर मिळालाच पाहिजे, असा तेथे नियम आहे. प्रशिक्षकाची मर्जी त्यात चालत नाही. दर हंगामात संघ नव्याने पाडले जातात आणि ते बलाने शक्य तितके समतोल ठेवले जातात, म्हणजे चांगली मुले एका बाजूला गोळा होत नाहीत. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात नाव कमावलेले लँडन डोनोव्हन, ज्यूली फाउडी आणि ॲलेक्स मॉर्गन हे खेळाडू याच संस्थेच्या मैदानांवर प्रथम खेळले. निवड न करता सर्वांना खेळवले तर गुणवत्ता बुडते, या आक्षेपाला याहून बोलके उत्तर सापडणे कठीण.

दुसरी शाखा युरोपातली, आणि तिच्या मुळाशी चक्क हॉकीचा माणूस आहे. होर्स्ट वाइन हे जर्मन हॉकीपटू आणि प्रशिक्षक. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या हॉकी संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली रौप्यपदक मिळवले. हा तोच अंतिम सामना, ज्यात भारताने स्पेनला ४-३ असे हरवून हॉकीतील आपले आजवरचे शेवटचे सुवर्ण जिंकले. वाइन पुढे स्पेनमध्येच राहून मुलांच्या फुटबॉलकडे वळले आणि मुलाच्या मापाचा फुटबॉल हा विचार त्यांनी पुस्तकांतून व प्रशिक्षणवर्गांतून मांडला. त्यांनी रचलेला ‘फुनिन्यो’ हा खेळ आज युरोपभर परिचित आहे. त्यात तीन-तीनचे संघ असतात, गोलरक्षक नसतो आणि चौकटी दोन नसून चार असतात: प्रत्येक संघ दोन चौकटींवर हल्ला करतो आणि दोन राखतो. गोल करायचा तर चौकटीपुढील सहा मीटरच्या पट्ट्यात शिरावे लागते. दुरून मारलेला चेंडू जाळीत गेला तरी तो गोल धरत नाहीत.

चार चौकटींची योजना दिसते तितकी साधी नाही. एकच चौकट असली की सगळी मुले तिच्या दिशेने धावतात आणि मध्ये घोळका होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहणे अवघड जाते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे ‘तू डाव्या कडेला थांब, चेंडू तुझ्याकडे येईल’ ही सूचना त्या वयात निरर्थक ठरते; चेंडू जेथे आहे तेथेच खेळ आहे, असे ते मूल मानते. दोन चौकटी दूरदूर ठेवल्या की परिस्थितीच त्याला मान वर करायला भाग पाडते. उजवीकडे तिघे गोळा झाले आहेत, डावीकडची चौकट मोकळी आहे, हे त्याला स्वतःला दिसते. कोणीही न ओरडता मूल दिशा बदलते. शिकवण्याचे काम येथे मैदानाच्या आखणीने केलेले असते.

इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन या संघटनेचे तांत्रिक संचालक हॉवर्ड विल्किन्सन यांनी १९९७ साली ‘चार्टर फॉर क्वालिटी’ हा आराखडा मांडला आणि त्यातून १९९९ मध्ये दहा वर्षांखालील मुलांसाठी ‘मिनी-सॉकर’ आले. त्याची चौकट १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच, म्हणजे क्षेत्रफळाने मोठ्यांच्या चौकटीच्या तीन-अष्टमांश. पुढे २०१२ च्या मे महिन्यात संघटनेच्या सदस्यांनी मतदान करून वयोगटांची नवी रचना स्वीकारली. सात व आठ वर्षांखालील मुलांसाठी पाच-पाच, नऊ व दहा वर्षांखालील मुलांसाठी सात-सात, अकरा व बारा वर्षांखालील मुलांसाठी नऊ-नऊ आणि त्यानंतरच अकरा-अकरा, असा हा चढता क्रम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये असाच क्रम जाहीर केला आणि २०१७ पासून तो देशभर बंधनकारक केला; तेथे सर्वांत लहानांसाठी चार-चारची रचना निवडली गेली.

अमेरिकेची ही रचना वर्गीकरणाच्या दृष्टीने फार नेटकी आहे, म्हणून तिचा तपशील पाहू. आठ वर्षांखालील मुलांचे मैदान २५ ते ३५ यार्ड लांब आणि १५ ते २५ यार्ड रुंद असते. चौकट जास्तीत जास्त ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. मोठ्यांच्या २४ गुणिले ८ फुटांच्या चौकटीच्या ती बरोबर एक-अष्टमांश भरते. चेंडू तीन नंबरचा. सहा वर्षांखालील मुले प्रत्येकी सहा मिनिटांचे चार डाव खेळतात, सात-आठ वर्षांची मुले दहा मिनिटांचे चार. नऊ-दहा वर्षांच्या गटात संघ सातांचा होतो, चेंडू चार नंबरचा येतो आणि गोलरक्षक प्रथमच अवतरतो. मैदान ५५ ते ६५ यार्डांचे होते आणि २५ मिनिटांचे दोन अर्ध येतात. अकरा-बारा वर्षांच्या गटाला नऊ-नऊचे संघ आणि अर्ध्या तासाचे दोन अर्ध. तेराव्या वर्षापासून मोठ्यांसारखा अकरा-अकराचा खेळ.

मैदान लहान केल्याने जागा वाचते, हा दुय्यम पण फार उपयोगी लाभ. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद अशा पूर्ण मैदानावर ३२ गुणिले २३ मीटरची आठ छोटी मैदाने आखता येतात. प्रत्येकी दोन-तीन मीटरची वाटही मध्ये सुटते. बावीस मुलांच्या जागी चौसष्ट मुले एकाच वेळी खेळू शकतात. शिवाय पूर्ण मैदानावर एका खेळाडूमागे सुमारे ३२५ चौरस मीटर जागा पडते, छोट्या मैदानावर ९२. धावण्यात दम संपवण्याऐवजी मूल खेळण्यात तो खर्च करते.

आता कलमांकडे वळू. सर्वांत लहान गटांत बहुतेक नियमावल्यांनी गोलरक्षक काढून टाकला आहे. कारण उघड आहे: चौघांपैकी एकाला चौकटीत उभे केले तर चेंडूचा एक वाटेकरी बाद झाला, आणि त्या वयात गोलरक्षण बहुधा ज्याला पळता येत नाही त्याच्या माथी मारले जाते. ऑफसाइड नाही. पेनल्टी किक नाही. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर थ्रो-इनऐवजी तो रेषेवर ठेवून पायाने आत ढकलायचा किंवा स्वतःच खेळवत आत आणायचा असतो. दोन्ही पाय जमिनीवर, चेंडू डोक्यामागून, दोन्ही हात सारखे, ही थ्रो-इनची कसरत सहा वर्षांच्या मुलाला साधत नाही. पंच शिट्टी वाजवून चेंडू दुसऱ्या संघाला देतो, त्या संघाचेही तेच होते, आणि खेळ रेषेवरच अडकून पडतो. एक कलम वगळून हा सारा कालापव्यय टळला.

नऊ-दहा वर्षांच्या गटातील एक कल्पना मला विशेष मार्मिक वाटते. मध्यरेषा आणि पेनल्टी क्षेत्र यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक रेषा आखतात. अमेरिकेत तिला ‘बिल्ड-आउट लाइन’ म्हणतात. मराठीत ‘उभारणी-रेषा’ म्हणता येईल. गोलरक्षकाने चेंडू हातात घेतला, किंवा गोल-किक मिळाली, की समोरच्या संघाने निमूटपणे या रेषेमागे जायचे. चेंडू खेळात येईपर्यंत पुढे पाऊल टाकायचे नाही. गोलरक्षकालाही चेंडू हातातून सोडून उंच टोलवण्याची मुभा नाही. तसे केले तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री-किक मिळते. परिणाम असा: नऊ वर्षांची मुलगी चेंडू छातीशी धरून उभी आहे, समोरचे सहाहीजण पाठ फिरवून रेषेकडे चालले आहेत, आणि तिच्या डाव्या हाताला पंधरा पावलांवर एक मैत्रीण हात वर करून थांबली आहे. चेंडू जमिनीवरून घरंगळत तिच्याकडे जातो. पूर्वी याच क्षणी चेंडू आकाशात जाई आणि समोरच्या संघातले सर्वांत थोराड मूल तो अडवून गोल करी. ऑफसाइडही या गटात मध्यरेषेपासून न मोजता उभारणी-रेषेपासून मोजतात, म्हणजे त्या नियमाची ओळख होते पण त्याचा जाच होत नाही.

एकतर्फी सामन्यांवर इंग्लंडने ‘पॉवर प्ले’ची युक्ती काढली. एखादा संघ चार गोलांनी मागे पडला तर त्याला एक जादा खेळाडू उतरवता येतो. अंतर कमी झाले की तो परत जातो. नॉर्वेतही चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला असाच जादा खेळाडू मिळतो. बदली खेळाडूंवर मर्यादा नाही, आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. मुलांच्या गटांत मैदान, चौकट, चेंडू, वेळ आणि बदली खेळाडू यांत फेरफार करण्यास खेळाचे मूळ नियमही संमती देतात.

डोक्याने चेंडू मारण्याविषयीचे कलम आरोग्याच्या चिंतेतून आले. अमेरिकेत पालकांनी व खेळाडूंनी मेंदूच्या इजेसंबंधी न्यायालयात दावा केला होता. तो मिटवताना २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये महासंघाने दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडर मारण्यास मनाई केली आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या साडेसात हजारांहून अधिक माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकसंख्येच्या साडेतीन पट होते. हा अभ्यास मोठ्यांचा होता, मुलांचा नव्हे. तरी २०२० च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडिंग वगळण्याचे ठरवले.

इतके सगळे नियम मुलांविषयीचे. परंतु बालफुटबॉलचा कसलेला अभ्यासक तुम्हाला सांगेल, की नियमावलीचा निम्मा भाग खरे तर मोठ्यांसाठी लिहिलेला असतो. जर्मनीतील आखेन परिसरात राल्फ क्लोर यांनी सुरू केलेल्या ‘फेअरप्ले लीग’चे तीनच नियम आहेत. पंच नसतो, चूक कोणाची, चेंडू कोणाचा, हे मुलेच ठरवतात. दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी उभे राहतात आणि अगदी गरजेपुरतेच बोलतात. पालक मैदानापासून सुमारे पंधरा मीटर दूर थांबतात. पंधरा मीटरवरून ओरडलेले ऐकू येते, पण दम भरता येत नाही! शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाशी भांडणेही जड जाते.

याहून व्यापक पाऊल नॉर्वेने उचलले. तेथील राष्ट्रीय क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासंबंधी नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. ते सर्व खेळांना लागू आहेत. मूल अकरा वर्षांचे होईल त्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या ठेवायच्या नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद किंवा तत्सम स्पर्धेत तेराव्या वर्षाआधी उतरवायचे नाही. स्पर्धेत भाग घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क मुलाचा. नियम मोडणाऱ्या क्लबाला दंडही होऊ शकतो.

जर्मनीच्या महासंघाने २०२२ च्या मार्चमध्ये नव्या रचनेला मंजुरी दिली आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ती देशभर बंधनकारक झाली. सर्वांत लहान, ‘बाम्बिनी’ म्हणवल्या जाणाऱ्या गटात दोन-दोन किंवा तीन-तीन मुले चार छोट्या चौकटींवर खेळतात. सामना एका संघाचा एका संघाशी असा नसतो. अनेक संघ एकत्र जमतात आणि शेजारी-शेजारी आखलेल्या मैदानांवर काही मिनिटांचे डाव एकामागून एक चालतात. डाव जिंकणारा संघ पुढच्या मैदानावर सरकतो, हरणारा मागच्या. दोन-तीन डावांतच तुल्यबळ संघ आपोआप समोरासमोर येतात, आणि सात वेळा सपाटून मार खाऊन घरी जाण्याची पाळी कोणावर येत नाही. प्रत्येक गोलानंतर ठरलेल्या क्रमाने खेळाडू बदलतो. क्रम आधीच ठरलेला असल्यामुळे ‘आता कोणाला बाहेर बसवू’ हा प्रश्न प्रशिक्षकापुढे येतच नाही, आणि त्यामुळे राखीव बाकावर कायमचे बसणारे मूलही उरत नाही.

या बदलावर जर्मनीत मोठा वाद झाला. महासंघाचेच उपाध्यक्ष आणि बोरुसिया डॉर्टमुंडचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी २०२३ मध्ये त्याची जाहीर खिल्ली उडवली. अशाने उद्या चेंडूशिवायच खेळू, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मुलांना हरण्याची सवय हवी, हा त्यामागचा मुद्दा. महासंघाचे युवा विभागाचे संचालक हानेस वोल्फ यांनी त्याला चेंडू किती वेळा पायाला लागतो याच हिशेबाने उत्तर दिले. या वादात वोल्फ यांची बाजू मला अधिक सबळ वाटते. नव्या रचनेत हार-जीत आहेच, उलट एका सकाळी ती अनेक वेळा अनुभवाला येते. गोल तर मुले पदोपदी मोजतात. बंद झाला आहे तो फक्त मोठ्यांनी ठेवलेला हंगामभराचा तक्ता. तथापि विरोधकांचा एक आक्षेप खरा आहे: एका मेळाव्याला बऱ्याच छोट्या चौकटी, मैदानांच्या आखण्या आणि भरपूर स्वयंसेवक लागतात, आणि खेड्यातल्या गरीब क्लबाला हे सोपे नाही.

शिवाय मैदान लहान केले म्हणजे आनंद हमखास मिळतो, असेही नाही. उरुग्वेत ‘बेबी फुटबॉल’ची परंपरा अर्धशतकाहून जुनी आहे. लुईस सुआरेझसारखे खेळाडू तिच्यातून आले. मैदान तेथेही छोटेच, पण लहानग्यांच्या सामन्यांना मोठ्यांइतकीच चुरस आणि पालकांची तितकीच ईर्षा असते. मापे बदलणे सोपे, काठावरची माणसे बदलणे अवघड.

आपल्याकडे गल्लीतल्या खेळात वयाने लहान असलेल्या मुलाला ‘कच्चा लिंबू’ करून घेण्याची जुनी रीत आहे. त्याला खेळायला मिळते, पण त्याचे राज्य येत नाही आणि त्याचा बाद धरत नाहीत. सामावून घेण्याची ही वृत्ती बालफुटबॉलच्या जवळची असली, तरी दोहोंत एक मूलभूत फरक आहे. कच्च्या लिंबाला सवलत मिळते म्हणून तो मोजला जात नाही. बालफुटबॉलमध्ये सवलत नियमातच मुरवलेली असल्याने प्रत्येक मूल पुरते मोजले जाते.

संघटित पातळीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून ‘बेबी लीग’, म्हणजेच पुढे ‘गोल्डन बेबी लीग’, चालवायला घेतली. त्यानंतर ‘ब्लू कब्ज’ हा कार्यक्रम आला. बेबी लीगचा खरा वेगळेपणा वेळापत्रकात आहे. भारतात मुलांचा फुटबॉल वर्षानुवर्षे बाद पद्धतीच्या स्पर्धांत अडकलेला होता: महिनाभर सराव, बसने प्रवास, पहिल्याच सामन्यात पराभव आणि हंगाम संपला. साखळी पद्धतीत आठवड्यागणिक सामना असतो, हरलेला संघही पुढच्या रविवारी खेळतो. मिझोरममध्ये ‘नाउपांग लीग’ने याचा पायंडा पाडला, आणि गोव्यात फोर्सा गोवा फाउंडेशनने बालगटांच्या लीग भरवल्या. मुले-मुली एकत्र खेळवणे, पालकांनाच संघ सांभाळायला लावणे, ही त्यांची वैशिष्ट्ये.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड म्हटले की कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी आणि पेठापेठांतली चुरस यांवर तेथील खेळ पोसला आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहराचा. तालमींच्या या संस्कृतीत लहान मुलाला खेळ दिसतो तो मोठ्यांचा, आणि तो दिसतो काठावरून. तेथे बालफुटबॉल रुजवायला परदेशी सामग्री लागणार नाही. फक्की मारून एका मैदानाची आठ मैदाने करता येतात, चौकटीऐवजी चार-चार शंकू चालतात, आणि तीन नंबरचा चेंडू क्रीडासाहित्याच्या दुकानात सहज मिळतो. खरी अडचण चषकाची आहे. आठ वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेलाही व्यासपीठ, पाहुणे आणि विजेत्याला उंच चषक हवा असतो, आणि चषक आला की प्रशिक्षक चौघांना बाकावर बसवतो.

दरम्यान इंग्लंडने आपल्या २०१२ च्या रचनेचीही फेरतपासणी केली आहे. २०२६-२७ च्या हंगामापासून सात वर्षांखालील मुले पाच-पाचऐवजी तीन-तीनच्या संघांत खेळू लागतील. पाच-पाच, सात-सात आणि नऊ-नऊ हे टप्पे प्रत्येकी एकेक वर्ष पुढे सरकतील, आणि अकरा-अकराचा खेळ चौदा वर्षांखालील गटापासून सुरू होईल.